थंड हवेचा पाइप

६ एप्रिल, रविवार

ही वही फक्त गाडीसाठी. दुसरं काही यात लिहायचं नाही, असं ठरवून सुरुवात करतोय.

काल खोकं आलं. आईला वाटलं सोनमनं काही पाठवलं. तिनं ते देवापुढं नेऊन ठेवलं होतं. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी उघडायला बसलो तेव्हा ती शेजारी येऊन बसली, आणि आत काळा वाकडा पाइप बघून उठून स्वयंपाकघरात गेली.

सामान असं: दोन तुकड्यांचा पाइप, लाल जाळीचा गोल फिल्टर, रबरी जोड तीन, क्लॅम्प सहा, एक पत्र्याची पट्टी. कागदावर चित्रं आहेत, पण ती दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची.

याला कोल्ड एअर इनटेक म्हणतात. गोष्ट सोपी आहे. आमच्या गाडीचं इंजिन बॉनेटच्या आतलीच हवा ओढतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात ती हवा साठ डिग्रीपर्यंत तापते. तापलेली हवा विरळ असते आणि विरळ हवेवर इंजिन ओढ धरत नाही. हा पाइप बंपरच्या मागून, खालून, बाहेरची हवा घेतो. बाहेरची हवाही चाळीसच्या वर असते, पण साठपेक्षा कमीच की.

कशासाठी करतोय ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको. गेल्या वर्षी १२ मे रोजी सोनमला वैरागहून सोलापूरला दवाखान्यात आणताना गाडीनं ओढ सोडली. वैराग तिचं माहेर. तिच्या चुलतभावाचा साखरपुडा होता म्हणून गेलो होतो. तिला आठवा महिना होता. वडाळ्याच्या पुढं इंजिनाचा काटा लालमध्ये गेला, रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं. एरवी तासाभराचा रस्ता, त्या दिवशी एक तास पंचवीस मिनिटं लागली. मुलगा होता. पोटातच गेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, थोडं आधी आला असता तर.

थोडं म्हणजे पंचवीस मिनिटं. मी मोजणी खात्यात भूकरमापक आहे. थोडं, जवळपास, अंदाजे, असले शब्द आमच्या कामात चालत नाहीत.

९ एप्रिल, बुधवार

पाइप बसवायच्या आधीचं माप हवं, नाही तर फरक कशाशी ताडून बघणार? गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं छोटं यंत्र आणलंय. इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान त्यातून मोबाईलवर दिसतं. दुपारी दोन वाजता सात रस्त्याच्या सिग्नलला: ६१. चालत्या गाडीत: ५४.

म्हणजे मी म्हणत होतो ते खरं आहे.

१३ एप्रिल, रविवार

वैरागला जाऊन आलो. जाताना ६२ मिनिटं, येताना ६३. आपल्या दारापासून तिच्या दारापर्यंत अठ्ठेचाळीस किलोमीटर आणि वर चारशे मीटर.

सोनम दवाखान्यातून सुटली ती विश्रांतीसाठी म्हणून माहेरी गेली. त्याला आता अकरा महिने झाले. मधे तिथल्या बालवाडीत शिकवायला जायला लागली. तब्येत बरी दिसली. तिनं पाणी दिलं, चहा दिला आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

मी तिला पाइपचं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग त्यानं काय होईल?" तिनं विचारलं.

"गाडी उन्हात दमणार नाही. पंचवीस मिनिटं जी गेली ती जाणार नाहीत."

"तुम्ही पंचवीसच मोजता," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

घरी येऊन पुन्हा हिशोब करून पाहिला. पंच्याऐंशी वजा साठ, पंचवीसच. आजच्या बासष्टनं धरलं तर तेवीस. तिला तसं म्हणायचं असेल.

सासरे बापूसाहेब, मी त्यांना मामा म्हणतो, सोनम आबा, ओसरीवर बसले होते. लग्नानंतर पहिली तीन वर्षं या माणसानं मला कधी उपाशी सोडलं नाही. मी नुसता निरोप सांगायला गेलो तरी जेवणाची पितळी पुढं यायची. वाटेनं जाणाऱ्या मोजणीवाल्यालासुद्धा ते जेवायला बसवायचे, असं गावात सांगतात. आज साडेअकरा झाले तशी म्हणाले, "निघा आता पाव्हणं. ऊन चढायच्या आत निघा." स्वयंपाकाचा वास येत होता. पाच मिनिटांनी पुन्हा म्हणाले, "निघा, निघा."

मला हाकलतात. समजू शकतो. त्यांच्या मुलीला माझ्या गाडीनं दगा दिला.

१६ एप्रिल, बुधवार

निंगप्पाच्या गॅरेजला गेलो, अक्कलकोट रोडला. गेली सात वर्षं गाडी त्याच्याच हाताखाली आहे. अक्कलकोटच्या बाजूचा माणूस, घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी आपलं मराठी.

पाइप हातात घेऊन त्यानं आतून फुंकून बघितलं.

"काय करलालाव सर हे? थंड हवा पायजे तर महाबळेश्वरला जावा की."

मी हसलो नाही. त्यानं पाइप खाली ठेवला. मग म्हणाला, "त्या दिवशी गाडी हवेनं बंद पडली न्हाई सर. रेडिएटरचा पंखा अडकत होता. मी तुम्हाला होळीला बोललो होतो की, पंखा बदला म्हणून."

बोलला होता, हे खरं आहे. पण त्या वेळी ऑफिसात मार्चअखेर होती, आणि नंतर तो नवीन पंखा पुण्याहून मागवावा लागणार होता. आणि पंखा अडकला तरी इंजिनात गार हवा गेली असती तर इंजिन इतकं तापलंच नसतं. हे मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

शेवटी तो म्हणाला, "पाइप तुम्ही बसवा. पान्यांचा डबा नेऊन बसवा, मी काय बोलत न्हाई. पण पंखा आज मी बदलणार."

बदलू दिला. रेडिएटरही त्यानं आतून धुऊन दिला.

२० एप्रिल, रविवार

आज पाइप बसवला. सकाळी सातला बॉनेट उघडलं, दुपारी अडीचला लावलं.

सगळं क्रमानं लिहितो. आधी बॅटरीची तार काढली. मग कंपनीचा फिल्टरचा डबा. त्याला दहाचे तीन बोल्ट. दोन सहज निघाले, तिसरा डब्याच्या मागं, दिसतच नाही, बोटांनी चाचपून काढावा लागला. डबा ओढताना एक प्लॅस्टिकची खिट्टी तुटली. तुटल्याचा आवाज ऐकून मी बराच वेळ तसाच उभा राहिलो. अशा लहान गोष्टींनी मला हल्ली काय होतं कळत नाही. कामावर परवा मोजणीच्या साखळीची एक कडी वाकली तर मला बसावं लागलं.

डबा निघाल्यावर आत मोठी पोकळी दिसते. तिच्यातून पाइप खाली बंपरच्या मागं न्यायचा. चित्रात तो सरळ जातो. आमच्या गाडीत मधे बॅटरीची चौकट येते. दोन तास त्यातच गेले. पाइप तिरका केला की बॅटरीला घासतो, उभा केला की बॉनेट लागत नाही. शेवटी चौकट चार मिलिमीटर घासून काढली. हाताला पत्रा लागला, अंगठ्याच्या मुळाशी. फार नाही.

आई दोनदा बाहेर आली. पहिल्यांदा भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन आली, ताट पायरीवर ठेवलं. दुसऱ्यांदा ताट तसंच बघून म्हणाली, "धनाजी, हे झाल्यावर काय करनार हायस?"

"वेळ लावून बघणार."

"आनि मग?"

"मग सोनमला दाखवणार."

ती ताटावरच्या माश्या हाकलून ताट आत घेऊन गेली.

खालचा फिल्टर बसवायला बंपरच्या आतला पडदा सोडवावा लागला. जमिनीवर उताणा झोपून केलं. फरशी तापली होती, पाठ भाजत होती, पण खालून बघताना मला फार बरं वाटत होतं. खाली सावली होती आणि करायचं काम समोर होतं. रबरी जोड, क्लॅम्प, पट्टी. सगळे क्लॅम्प सारखे आवळले.

चालू केल्यावर आवाज बदललेला. पूर्वी नुसती घरघर होती. आता पाय दाबला की मोठा श्वास ओढल्यासारखा आवाज येतो. शेजारचे लोक बघायला गॅलरीत आले.

पण चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. तो काही जाईना.

२१ एप्रिल, सोमवार

दिव्याचं कारण कळलं. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर मी जुन्या डब्यातच ठेवून दिला होता. गाडीला आपण कसली हवा ओढतोय हेच कळत नव्हतं. निंगप्पानं पाइपला भोक पाडून तो बसवून दिला. दिवा गेला.

दुपारी सात रस्ता: ५०. चालत्या गाडीत: ४५.

अकरा डिग्री उतरली. आज जेवलो.

२७ एप्रिल, रविवार

नान्नजपर्यंत जाऊन आलो, बारा ते दोनच्या उन्हात, एसी लावून. काटा मधोमध, हलला नाही. ओढही चांगली. या वेगानं पूर्ण वैराग धरलं तर बावन्न ते चोपन्न मिनिटं.

येताना रस्त्याकडेला थांबून डोक्यात मांडणी केली. त्या दिवशी ८५ लागली. आता ५३. म्हणजे पंचवीस नाही, बत्तीस मिनिटं वाचली असती. डॉक्टरबाईंच्या 'थोडं'पेक्षा जास्त.

शिवाय आणखी एक. त्या दिवशी आम्ही दुपारीच निघू शकलो असतो, पण भर उन्हात एसी लावला की गाडी तापायची म्हणून मी ऊन उतरायची वाट पाहिली आणि साडेपाचला काढली. म्हणजे तिथंही दोष गाडीचाच. हे पूर्वी माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता ती अडचणच राहिली नाही. आता ही गाडी कितीही उन्हात काढता येते.

हे सोनमला सांगायला हवं. नुसतं सांगून पटणार नाही.

५ मे, सोमवार

सोनमला फोन केला. म्हटलं, "बारा तारखेला सोमवार आहे. मी रजा टाकतो. दुपारी एकला वैरागहून निघायचं, दवाखान्याच्या दारापर्यंत जायचं आणि मी तुला परत सोडायचं. एकदाच माझ्याबरोबर बस."

तिकडून दार लावल्याचा आवाज आला. 

मग म्हणाली, "एकला?"

"हो. भर उन्हात. म्हणजे तुला पटेल."

"बसते," ती म्हणाली.

आईला सांगितलं तर म्हणाली, "तिला आनायला जायाचं सोडून गाडी दावायला जातोस व्हय?" तिला यातलं काही कळत नाही. आधी गाडी, मग बाकीचं. ज्या घरातल्या गाडीवर भरवसा नाही त्या घरात बाई कशी परत येईल?

१२ मे, सोमवार

जसं झालं तसं लिहितो.

वैरागला साडेबाराला पोचलो. मामा घरी नव्हते, सोसायटीच्या कामाला गेले होते. सोनम तयार होती. पाण्याची बाटली आणि ओढणी घेऊन ती पुढच्या सीटवर बसली. १ वाजून ४ मिनिटांनी निघालो. बाहेर ४२ डिग्री.

मी तिला मोबाईल धरायला दिला, आकडे वाचायला. तिनं धरला. थोड्या वेळानं मांडीवर उलटा ठेवला.  वडाळा आलं, गेलं. जिथं थांबलो होतो तिथं एक बाभूळ आहे. तिकडं तिनं बघितलं नाही, मी बघितलं. काटा मधोमध. नान्नज गेलं. तिनं एसीची जाळी स्वतःच्या अंगावरून दुसरीकडं वळवली. गाडी पाण्यासारखी चालली होती.

दवाखान्याच्या फाटकाशी गाडी उभी केली आणि घड्याळ बघितलं. बावन्न मिनिटं. मी तिला सांगितलं.

"आता किती वाजले?" तिनं विचारलं.

"एक छप्पन्न."

"म्हणजे त्या दिवशी एकला निघालो असतो तर दोनच्या आत इथं आलो असतो."

"हो," मी म्हणालो. "तेच तर दाखवायचं होतं."

मी लगेच हो म्हणालो. आनंदानं म्हणालो, हेही लिहायला पाहिजे. माझ्या चेहऱ्यावर हसू होतं. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि ते हसू काढून कुठं ठेवावं ते मला समजेना.

"मी तुम्हाला एकलाच सांगितलं होतं," ती म्हणाली.

मी इंजिन बंद केलं. मग उकडेल म्हणून पुन्हा चालू केलं.

"आतल्या खोलीत. सगळे बाहेर मांडवात होते. मी म्हटलं, सकाळपासून बाळ हललं नाही, मला भीती वाटतेय. तुम्ही म्हणालात, झोपलं असेल. ऊन उतरू दे, मग निघू, आता गाडी तापते. तीनला मी पुन्हा सांगितलं. तुम्ही पत्ते खेळत होता. हातानं खूण केली, थांब म्हणून. पाचला पोटात दुखायला लागलं तेव्हा सगळ्यांना कळलं."

ती भांडल्यासारखं बोलत नव्हती. एखाद्या मुलाला पाढे म्हणून दाखवावेत तसं बोलत होती.

मी म्हणालो, "पण त्या दिवशी गाडी—"

"चालू होती," ती म्हणाली.

दवाखान्यातून माणसं येत-जात होती. रखवालदारानं काचेवर टकटक केली, गाडी पुढं घ्या म्हणाला. पुढं घेतली.

मग ती म्हणाली, "मी घरी कुणालाच सांगितलं नाही. तुमचं नाव यायला नको म्हणून. आबांना अजून वाटतंय, तुम्ही दुपारीच निघत होता आणि त्यांनीच जेवायला थांबवलं. जेवायला थांबवलं म्हणून नातू गेला, असं त्यांनी आईला सांगितलं. वर्ष झालं, आमच्या घरात कुणाला जेवून जा म्हणत नाहीत.  ऊन व्हायच्या आत सगळ्यांना घालवून देतात. मला हे बघवत नाही. तुम्ही सांगा त्यांना. माझ्यानं होत नाही."

"सांगतो," मी म्हणालो.

तिला परत सोडलं. जाताना आकडे बघितले नाहीत. उतरताना ती म्हणाली, "गाडी चांगली झाली," आणि फाटक लावून आत गेली. ते टोमण्यानं म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

१४ मे, बुधवार

निंगप्पाला विचारलं, गाडी आता तापत नाही ते पाइपमुळं की पंख्यामुळं, खरं सांग. तो एका गाडीखाली होता. तिथूनच म्हणाला, "पंख्यानं, सर. पाइप आवाजापुरता."

१८ मे, रविवार

सांगायला गेलो होतो.

मामा अंगणात होते. गाडीचा आवाज ऐकून उठून आले. "हे काय बसवलंय म्हनं, सोनी सांगत हुती," म्हणाले आणि बॉनेट उघडायला लावलं. मी उघडलं. त्यांनी विचारलं ही हवा कुठनं येते. मी दाखवलं. जाळी धुवायची का फेकायची, पावसात पाणी शिरणार न्हाई का, सगळं विचारलं. मी एकेक गोष्ट सांगत गेलो. बॅटरीची चौकट कशी घासली, सेन्सर कसा विसरला, सात रस्त्याला किती डिग्री. पाऊण तास बोललो. इतकं सलग मी वर्षभरात कुणाशी बोललो नव्हतो. मधे एकदा सोनम दारात येऊन उभी राहिली आणि गेली.

शेवटी मामांनी बॉनेटवर हात ठेवला. चटका बसत असणार, तरी ठेवला. म्हणाले, "तुमी गाडीचं तरी नीट केलं पाव्हणं. मला तर काय नीट करावं तेच कळंना."

ती वेळ होती. तोंड उघडलं होतं. पण शब्द आला तो असा, की पावसाळ्यात फिल्टरला पिशवी घालावी लागते.

ते म्हणाले, "निघा आता."

सोनम फाटकापर्यंत आली. "सांगितलं?"

"पुढच्या रविवारी."

तिनं मान हलवली. रागावली असती तर मी काही तरी बोललो असतो. तिला ते अपेक्षितच होतं, असं दिसलं.

२२ मे, गुरुवार

कामावर दोन भावांच्या बांधाची मोजणी होती. थोरला म्हणत होता, दगड इथंच होता, धाकटा म्हणत होता, नव्हता. धाकट्याला माहीत होतं. त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. मी त्याला सहज म्हणालो, माहीत असून का बोलत नाही? तो म्हणाला, "साहेब, पयल्या दिवशी बोललो न्हाई. आता कसं बोलू?"

२५ मे, रविवार

आज एसटीनं गेलो. गाडी नेली असती तर पुन्हा गाडीवरच बोललो असतो.

मामा गोठ्यात शेळ्यांच्या दाव्याला पीळ देत बसले होते. मी समोर उकिडवा बसलो. त्यांनी विचारलं, "गाडी कुटं हाय?" मी म्हणालो, "घरी." आणि नंतर थांबलो नाही. सगळं सांगितलं. सोनमनं एकला सांगितलं. मी झोपलं असेल म्हणालो. तीनला पुन्हा सांगितलं. मी पत्ते टाकत होतो.

ते पीळ देत राहिले. मग हात थांबले.

"एक म्हंजी पंगत बसायच्या आदी?"

"आधी. पंगत दीडला बसली."

"म्हंजी मी जेवून जावा म्हनायच्या आदी."

"हो मामा. तुमच्या म्हणण्यानं मी थांबलो नव्हतो. मला त्या उन्हात गाडी काढायची नव्हती."

शेळी त्यांचा खांदा चाटत होती. त्यांनी तिला बाजूला केलं. मला वाटलं होतं ते ओरडतील, किंवा मारतील. मी त्यासाठी तयार होतो. ते बसून राहिले, आणि एकाएकी त्यांचा सगळा चेहरा ओला झाला. दोषातून सुटल्यामुळं की माझ्यावरच्या रागामुळं, मला सांगता येणार नाही. खांद्यावरच्या पंच्यानं पुसला तरी पुन्हा ओला झाला.

"पोरगी बी बोलली न्हाई," ते म्हणाले. "वरीसभर मला बघत हुती आन् बोलली न्हाई."

त्यांच्या हातातून पडलेलं दावं मी उचलून ठेवलं.

मग ते गुडघ्यावर हात देऊन उठले. "चला," म्हणाले. मला वाटलं, फाटकाबाहेर काढणार. पण ते परड्यातून मागं शेताकडं निघाले. मी मागून चाललो. विहिरीच्या पलीकडं दुसऱ्या बांधाला रान नांगरून पडलं होतं, ढेकळं निघालेली. कोपऱ्यात हातभर जागा नांगर न लागता राहिली होती. त्यावर गवत वाळलं होतं. दगड नाही, खूण नाही.

"हितं," ते म्हणाले.

मला कळायला वेळ लागला.

"दवाखान्यात दुसऱ्या दिशी सकाळी तुमास्नी लई हुडकलं. नर्स म्हनली, बापाला बोलवा. कोन तरी म्हनलं, ते खाली गाडीपाशी हायत. मग मीच घेतला त्याला. जीपमदनं मांडीवर आनला." त्यांनी वाकून एक ढेकूळ बाजूला केलं. "तुमी कदी इचारलं न्हाई, कुटं ठेवला म्हनून."

मी खाली रेडिएटरमध्ये पाणी घालत होतो. परत जाताना पुन्हा बंद पडायला नको म्हणून. कुणी तरी वरून हाक मारली होती. मी हात वर करून थांबा म्हटलं होतं.

मामा म्हणाले, "आता तुमी हितं येत जाऊ नगा. सोनीसाठी सांगतो. ह्या जागंला यायचं आसंल तर या, मागनं वाट हाय. घरात नगं." आणि ते एकटेच परत गेले.

मी किती वेळ उभा होतो ते बघितलं नाही. परत निघालो तेव्हा सोनम परड्यात कपडे वाळत घालत होती. तिला कळलेलं दिसत होतं. ती म्हणाली, "जूनमध्ये बालवाडी परत सुरू होतेय. मी इथंच राहणार आहे. कागद करायचे ते तुम्ही सांगाल तेव्हा करू." मी बरं म्हणालो. ती म्हणाली, "आबा आत्ता आईजवळ बसून रडतायत. वर्षानं रडतायत." आणि पुन्हा कपडे झटकायला लागली.

घरी आलो तर आई दारातच होती. विचारायला लागली, काय झालं, येणार का सोनम. मी म्हणालो, येणार नाही. ती पायरीवर बसली. मी तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "आई, तो कुणासारखा होता?"

ती म्हणाली, "नाक तर तुझंच हुतं की. कपाळ सोनमचं."

आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तू बघितलं न्हवतंस व्हय त्याला?"

मी नाही म्हणालो.